पग आणण्याआधी घरातली दुपार बघा

पालघर-बोईसरकडच्या फ्लॅटमध्ये कुत्रा पाळायचं ठरलं की बोलणं फिरून फिरून पग, शिह त्झू किंवा हल्ली फ्रेंच बुलडॉगवर येऊन थांबतं. त्याला कारणं आहेत आणि ती खरी आहेत. दोन खोल्यांच्या घरात लॅब्राडोर मावत नाही, जर्मन शेफर्डला रोज पळवून आणायला कुणाला सवड नसते. पग सहा ते आठ किलोंचा, भुंकणं बेताचं, लहान मुलांनी ओढाताण केली तरी सहसा चिडत नाही, आजी-आजोबांच्या पायाशी तासन्‌तास पडून राहतो. शिवाय 2003 साली हच कंपनीच्या जाहिरातीत एका मुलाच्या मागोमाग सगळीकडे जाणारा पग आला आणि तो चेहरा घराघरांत पोचला. तेव्हा टीव्हीसमोर बसलेली मुलं आज कमावती झाली आहेत, स्वतःची घरं घेताहेत, आणि लहानपणी मनात भरलेला तो कुत्रा आता आणता येईल असं त्यांना वाटतं.

माझं म्हणणं असं, की नकट्या नाकाचा कुत्रा आपल्याला झेपेल का हे घराच्या आकारावरून किंवा आपल्या हौसेवरून कळत नाही. ते कळतं एप्रिल-मे महिन्यात दुपारी बारा ते पाच या वेळात आपल्या घरात काय असतं त्यावरून: खोली किती तापते, घरात कोण असतं, वीज असते का. हे असं का, ते समजायला आधी कुत्रा स्वतःचं अंग गार कसं ठेवतो ते बघावं लागेल.

आपल्याला उकडलं की घाम येतो. कुत्र्याला पंजांच्या तळव्यांना थोडा घाम येतो, पण तेवढ्याने अंग गार होत नाही. त्याची सगळी भिस्त नाकावर आणि जिभेवर. लांब तोंडाच्या कुत्र्याच्या नाकात पातळ हाडांच्या गुंडाळ्या असतात आणि त्यांवर सतत ओलसर राहणारं अस्तर. श्वासाची हवा त्यावरून गेली की ओल उडून जाते आणि तिथून वाहणारं रक्त थंड होतं. फार उकडलं की कुत्रा तोंड उघडून धापा टाकतो, मिनिटाला दोनशे-तीनशेपर्यंत उथळ श्वास घेतो, म्हणजे जीभ आणि तोंडही त्या कामाला लागतात. निरोगी कुत्र्याचं तापमान 38 ते 39 अंश सेल्सियसच्या आसपास असतं. ते 41 च्या पुढे गेलं की आतले अवयव बिघडायला सुरुवात होते.

पगची किंवा बुलडॉगची कवटी माणसांनी पिढ्यानपिढ्या निवडून निवडून आखूड केली आहे. हाड आखूड झालं, पण आतलं मांस त्या प्रमाणात कमी झालं नाही. तेवढंच सगळं सामान कमी जागेत कोंबलं गेलं. नाकपुड्या फटीएवढ्या उरल्या, आतल्या गुंडाळ्या एकमेकींवर दाबल्या गेल्या, टाळूचा मागचा मऊ भाग लांब पडून श्वासनलिकेच्या तोंडाशी लोंबायला लागला, जीभ तोंडात मावेनाशी झाली. बुलडॉगची तर श्वासनलिकाच पुष्कळदा अरुंद असते. अशा कुत्र्याला प्रत्येक श्वास जोर लावून ओढावा लागतो. त्या ओढीने घशातला मऊ भाग सुजतो, सूज आली की वाट आणखी अरुंद होते, मग आणखी जोर लावावा लागतो. काही वर्षांत स्वरयंत्राच्या कडा आत ओढल्या जातात. या सगळ्याला डॉक्टर मंडळी ब्रॅकिसेफॅलिक ऑब्स्ट्रक्टिव्ह एअरवे सिंड्रोम म्हणतात, थोडक्यात ‘बोआस’. ‘आमचा किती गोड घोरतो’ म्हणून आपण ज्याचा व्हिडिओ काढतो, तो आवाज हवा अडल्याचा असतो. जागेपणी शांत बसलेला असताना, खेळून आलेला नसताना तोच आवाज येत असेल तर तो आजार समजावा आणि डॉक्टरांना दाखवावा.

आता यात आपली हवा मिसळा. माठातलं पाणी नाशिकला जेवढं गार होतं तेवढं केळव्याला किंवा चिंचणीला होत नाही. हवेत आधीच इतकी ओल असते की माठाला फुटलेला पाझर उडून जायला जागा मिळत नाही. कुत्र्याच्या जिभेवरची ओलही नेमकी तशीच अडते. म्हणून किनाऱ्यावर नुसता पारा बघून फसायला होतं. पालघरला मे महिन्यात 34-35 अंश असतात, विदर्भातल्या 44 पुढे ते काहीच वाटत नाहीत. पण इथे रात्रीही 27-28 च्या खाली फारसं उतरत नाही आणि दमटपणा चोवीस तास अंगाला चिकटून असतो. कुत्र्याला विश्रांतीची वेळच मिळत नाही. पुन्हा पाऊस गेला की ऑक्टोबरमध्ये तेच.

ब्रिटनसारख्या थंड देशातल्या दवाखान्यांच्या नोंदी तपासून तिथल्या संशोधकांनी 2020 साली उष्माघाताचा अभ्यास प्रसिद्ध केला. लॅब्राडोरशी तुलना केली तर इंग्लिश बुलडॉगला उष्माघाताचा धोका जवळपास चौदा पट, फ्रेंच बुलडॉगला सहा पटींहून जास्त आणि पगला तीन पटींहून जास्त निघाला. एकंदर उष्माघातांपैकी सुमारे तीन चतुर्थांश फिरण्या-पळण्यातून झालेले होते. तिथला उन्हाळा आपल्या डिसेंबरच्या दुपारहूनही गार असतो हे लक्षात घेऊन हे आकडे वाचावेत.

रविवारी संध्याकाळी केळव्याच्या सुरूच्या बनात मुंबईहून आलेल्या गाड्यांमधून असे कुत्रे उतरताना दिसतात. मे महिन्यात तिथे पाहिलेला एक पग मला चांगला आठवतो. मुलं त्याला वाळूत चेंडूमागे पळवत होती, तोही उत्साहाने पळत होता. थोड्या वेळाने तो चेंडू सोडून पोटावर पसरला, मागचे पाय बेडकासारखे मागे टाकून. जीभ पूर्ण बाहेर, टोकाशी पळीसारखी रुंद झालेली आणि कडांनी वर वळलेली. हिरड्या गुलाबीच्या गडद लाल झाल्या होत्या, तोंडाला फेसाळ चिकट लाळ, आणि प्रत्येक श्वासाला करवतीसारखा खरखर आवाज. घरचे हसून म्हणत होते, दमला बिचारा. जीभ अशी रुंद होणं आणि आवाज असा बदलणं, ही थांबण्याची वेळ उलटून गेल्याची खूण आहे. ओळखीच्या एका काकांनी कॅनमधलं पाणी त्याच्या पोटावर आणि मांड्यांमध्ये ओतलं, मुलांनी पुठ्ठ्याने वारा घातला, अर्ध्या तासाने श्वास जागेवर आला. चेंडूमागे पळायचं कधी थांबावं हे अशा कुत्र्याला स्वतःला कळत नाही. ते माणसालाच ठरवावं लागतं.

तर मग आपल्या घराचा हिशेब. बोईसरला तारापूर एमआयडीसीत काम करणाऱ्या घराचा दिवस पाळीवर चालतो. फर्स्ट शिफ्ट, सेकंड शिफ्ट, नाइट, शिवाय कंपनीच्या बसची वेळ धरून घरातून निघणं आणि परतणं. पालघरहून सकाळच्या लोकलने अंधेरी-चर्चगेटकडे जाणाऱ्याचे तर जाऊन-येऊन बारा तास सहज जातात. नवरा-बायको दोघं नोकरीला आणि मूल शाळेत असेल तर बंद फ्लॅटमध्ये कुत्रा एकटा. वरच्या मजल्यावरचं घर, वरून स्लॅब तापलेला, खिडक्या चोरांच्या भीतीने लावलेल्या. अशा घरात गावठी कुत्राही कासावीस होईल, पगच्या तर जिवावर बेतेल. नुसता पंखा पुरत नाही, कारण पंखा घाम वाळवतो आणि कुत्र्याच्या अंगावर घाम नसतो. कूलरने हवेतली ओल आणखी वाढते. एसी लागतो, आणि तो आपण घरात नसतानाही चालू ठेवावा लागतो.

एक टनाचा इन्व्हर्टर एसी ताशी साधारण पाऊण युनिट खातो असं धरा. रोजचे आठ तास म्हणजे दिवसाला सहा युनिट, महिन्याला 180 च्या घरात. महावितरणच्या घरगुती बिलात 100 आणि पुढे 300 युनिटांना दराची पायरी चढते, त्यामुळे हे 180 युनिट आपल्या नेहमीच्या वापरावर पडले की वरच्या दराने पडतात. मागच्या मे महिन्याचं बिल काढून त्यात ते मिळवून बघा. मार्च ते जून आणि परत ऑक्टोबर, असे पाच महिने ते परवडतंय का, हा विचार पिल्लाच्या किमतीच्या आधी करावा.

आणि वीज गेली तर? वादळी पावसाच्या सुरुवातीला किंवा दुरुस्तीसाठी आपल्याकडे वीज तासन्‌तास जाते, घरातल्या साध्या इन्व्हर्टरवर एसी चालत नाही. अशा वेळी घराची चावी घेऊन आत जाणारं कुणीतरी हवं: शेजारच्या काकू, खालच्या मजल्यावरचे निवृत्त गृहस्थ, जवळ राहणारी बहीण. असं माणूस डोळ्यांसमोर येत नसेल तर निर्णय इथेच झाला असं मी समजेन. उलट घरात आई-वडील दिवसभर असतील, किंवा चिंचणी-डहाणूकडे वाडीत झाडांच्या गर्दीत बैठं, हवेशीर घर असेल, तर पुढे विचार करायला हरकत नाही.

बोईसरकरांसाठी आणखी एक गोष्ट. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2018 सालच्या मूल्यमापनात देशातल्या औद्योगिक पट्ट्यांमध्ये तारापूर सर्वांत प्रदूषित ठरलं होतं. सरावली, खैरापाडा, पास्थळ भागातल्या लोकांना रात्रीचा तो रसायनांचा उग्र वास वेगळा सांगायला नको. ज्याच्या नाकातली वाट आधीच अरुंद, त्याला घशाची थोडी आग, थोडी सूजही महागात पडते. कारखान्याचा धूर आपल्या हातात नाही, पण घरातला आहे. डासांची कॉइल, कोंडलेल्या खोलीतली उदबत्ती, बाल्कनीत ओढलेली सिगारेट बंद करायची तयारी हवी. वास जाणवत असेल त्या दिवशी सकाळचं फिरणं रद्द करून घरातच खेळावं.

फिरण्याची वेळ तशीही सूर्य ठरवतो. उन्हाळ्यात सकाळी साडेसहाच्या आत किंवा रात्री नऊनंतर, तेही पंधरा-वीस मिनिटं. डांबरावर किंवा पेव्हर ब्लॉकवर तळहात उलटा टेकवा. सात सेकंद टेकवून ठेवता येत नसेल तर कुत्र्याचे पंजे भाजतील. गळ्यात पट्टा नको, छातीवरून जाणारा हार्नेस घ्या, म्हणजे ओढ घशावर येत नाही. नाइट करून सकाळी झोपणाऱ्या माणसाला हे वेळापत्रक जमेल का, ते त्यानेच ठरवावं.

रोजची निगा फार अवघड नाही, पण रोजची आहे. चेहऱ्यावरच्या वळ्या ओल्या कापडाने पुसून पूर्ण कोरड्या कराव्या लागतात. पावसाळ्यात एक-दोन दिवस चुकले तरी तिथे बुरशी धरते आणि कुबट वास येतो. डोळे खोबणीतून पुढे आलेले असतात, त्यांना गवताची काडी, मांजराचा पंजा, गादीची कडाही लागते. बुबुळाला जखम झाली तर ती काही तासांतही वाढते, म्हणून डोळा मिचकावतोय, पाणी येतंय असं दिसलं की त्याच दिवशी डॉक्टरकडे. मेडिकलमधून स्टिरॉइडचे थेंब आणून घालू नका, जखमेत ते घातक ठरतात. शिह त्झूला वर रोज केस विंचरणं आलं.

वजनाबद्दल मात्र थोडं थांबून सांगायला हवं, कारण ते सर्वस्वी घरच्यांच्या हातात असतं. पग खादाड असतो आणि त्याचा चेहरा असा, की घरातला प्रत्येक जण त्याला आपल्या ताटातलं काढून देतो. चहाबरोबर ग्लुकोज बिस्किट, पावाचा तुकडा, खारवलेल्या मासळीचं डोकं. आठ किलोंचा पग अकरा किलोंचा झाला की चरबी गळ्याभोवती आणि छातीवर बसते आणि आधीच अरुंद वाट आणखी दाबली जाते. बरगड्या हाताला सहज लागल्या पाहिजेत आणि वरून पाहिलं तर कंबर दिसली पाहिजे. सौम्य बोआस असलेल्या कुत्र्याला नुसतं वजन उतरवूनही मोठा आराम पडतो.

एवढं सगळं बसत असेल तर मग कुत्रा निवडणं. इथे घाई होते, कारण पिल्लू बघितलं की माणूस विरघळतो. म्हणून पिल्लू हातात घेण्याआधी त्याची आई बघायला मागा, जमल्यास बापही. बोआस सहसा वयाबरोबर वाढत जातो, पिल्लात तो लपलेला असतो, आई-बापात दिसतो. केंब्रिज विद्यापीठाने ब्रिटनच्या केनेल क्लबबरोबर 2019 साली श्वास तपासण्याची जी पद्धत सुरू केली, तीही एक वर्षाच्या पुढच्याच कुत्र्यांसाठी आहे. तिच्यात डॉक्टर आधी स्टेथोस्कोप लावून घशाचा आवाज ऐकतात, कुत्र्याला तीन मिनिटं दुडक्या चालीने पळवतात आणि पुन्हा ऐकतात. मग शून्य ते तीन अशी श्रेणी देतात, शून्य म्हणजे निर्दोष. आपण सकाळच्या थंड वेळेत गेलो तर आईला तीन मिनिटं चालवून बघायला सांगू शकतो. नंतर चार हातांवरून श्वासाचा आवाज ऐकू येत असेल, किंवा विकणारा चालवायलाच तयार नसेल, तर परत यावं.

नाकपुड्या समोरून बघा. चांगल्या नाकपुडीत काळं, गोल भोक स्पष्ट दिसतं. वाईट असेल तर स्वल्पविरामासारखी फट दिसते आणि श्वास घेताना बाजूच्या कडा आत ओढल्या जातात. तोंड जितकं पुढे आलेलं तितकं बरं. नेदरलँड्समध्ये कवटीच्या सुमारे एक तृतीयांशाहून आखूड तोंडाच्या कुत्र्यांची पैदास 2019 पासून करू देत नाहीत. आपल्याकडे मात्र विकणारा जितकं चपटं तोंड तितका भाव जास्त सांगतो. त्याला बळी पडू नका. ज्याला तो ‘नाक जरा लांब आहे, स्वस्तात देतो’ म्हणतो तेच पिल्लू तुमचं.

2017 च्या केंद्रीय नियमांनुसार पैदास करणाऱ्याची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी असायला हवी आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. मोबाइलवर फोटो पाठवून हायवेच्या फाट्यावर टोपलीत पिल्लू आणून देणाऱ्याकडे यातलं काही नसतं, दाखवायला आईही नसते.

पिल्लू ठरवण्याआधी डॉक्टर ठरवा. पालघर आणि बोईसरमध्ये खाजगी प्राणिवैद्य आहेत. सरकारी दवाखान्यांचा भर मुख्यतः गाई-म्हशी, शेळ्यांवर असतो. डॉक्टरांना सरळ विचारा: नकट्या कुत्र्यांना भूल देण्याची सवय आहे का, ऑक्सिजन आहे का, रात्री फोन उचलता का. नाकपुड्या रुंद करण्याची किंवा लोंबणारी टाळू कापण्याची शस्त्रक्रिया लागली तर मुंबई गाठायची तयारी हवी. परळला बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय आणि मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, महालक्ष्मीला 2024 पासून टाटा ट्रस्टचं लहान प्राण्यांचं रुग्णालय चोवीस तास चालतं. पण बोईसरहून चिल्हार फाटा, मग महामार्ग आणि पुढे मुंबईची गर्दी म्हणजे शंभर किलोमीटर. उष्माघात झालेल्या कुत्र्याकडे एवढा वेळ नसतो.

म्हणून क्रम पाठ असू द्या: आधी गार करायचं, मग न्यायचं. सावलीत घ्या, अंगावर पाणी ओतत राहा, पोट-मांड्या-छाती भिजवा, जोरात वारा घाला. ओला टॉवेल अंगावर पांघरून ठेवू नका, तो तापतो आणि उष्णता आत कोंडतो. पाणी तोंडात ओतू नका. शुद्धीवर असेल तर स्वतःहून पिऊ द्या. गच्चीवरच्या टाकीचं पाणी मे महिन्यातल्या दुपारी नळाला चटका बसेल इतकं गरम येतं, त्यामुळे बाथरूममध्ये एक पिंप आदल्या रात्रीच भरून ठेवायचं. श्वास थोडा सावरला की एसी लावलेल्या गाडीतून डॉक्टरकडे. कुत्रा वरवर बरा दिसला तरी न्यायचंच, कारण मूत्रपिंडाचं नुकसान एक-दोन दिवसांनी वर येतं.

प्रवासाचंही आधीच बघून ठेवा. गणपतीला कोकणात, सुट्टीत गावी जाणारं घर असेल तर रेल्वेत कुत्रा फक्त एसी फर्स्ट क्लासचा आख्खा कूपे किंवा केबिन घेऊनच सोबत नेता येतो, नाहीतर ब्रेक व्हॅनमधल्या पेटीतून. त्या पेटीत नकट्या कुत्र्याला उन्हाळ्यात कधीही पाठवू नये. अनेक विमान कंपन्याही या जातींना सामानाच्या कक्षात घेत नाहीत.

हिशेब जमत नसेल आणि कुत्रा तर हवाच असेल, तर आपल्या आवारातच जन्मलेलं गावठी पिल्लू बघा. त्याचं नाक लांब, केस आखूड, आणि त्याचे पूर्वज याच दमट हवेत तगलेले. त्यालाही लसीकरण, गोचीड-पिसवांचं औषध आणि दुपारची सावली लागते, पण एसी लागत नाही. ज्यांचा जीव पगमध्येच अडकला आहे आणि घरात दिवसभर माणूस आहे, त्यांनी मालकाने सोडून दिलेला मोठा पग दत्तक मिळतो का तेही विचारावं. त्याचा श्वास, वजन, डोळे, स्वभाव सगळं समोर दिसतं.

पिल्लूच आणायचं ठरलं तर दिवाळीचे फटाके आणि ऑक्टोबरचा उकाडा संपल्यावर, नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये आणा. सोळा आठवड्यांपर्यंत चालणारं सुरुवातीचं लसीकरण थंडीत पूर्ण होतं, बाहेर फिरायची सवय चांगल्या हवेत लागते. तेव्हापासून ते शांत झोपलेलं असताना मिनिटाला किती श्वास घेतं ते आठवड्यातून एकदा मोजून कॅलेंडरवर लिहून ठेवा. तीसच्या आत असेल तर ठीक. मार्च उजाडल्यावर तो आकडा वर जायला लागला, किंवा झोपेत मध्येच दचकून उठून श्वास घ्यायला लागलं, तर मे महिन्याची वाट न बघता डॉक्टरांकडे ती पानं घेऊन जा.